चाराचा आठ

बहिणीला फोनवर सांगितलं, घरी दारू भरायला शिकतेय,
तर पलीकडे एवढी शांतता
की लुइसटाउनचा बर्फ पडताना ऐकू आला.
मग खुलासा केला: काडतुसातली गं.
तिला हे त्याहून वाईट वाटलं.

स्वस्त पडतं, असं मी नवऱ्याला सांगते.
ऑर्व्हिल ट्वेट म्हणतो, छप्पन्न वर्षांत
त्यानं यात एक डॉलर वाचलेला पाहिला नाही.
मोंटानात हिवाळा लांब असतो, एवढंच खरं,
आणि त्याच्या गॅरेजात हीटर आहे.

पहिला महिना त्यानं दारूला हातच लावू दिला नाही.
एक जाड पुस्तक दिलं. वाच.
रिकाम्या पुंगळ्या गोळा कर, घासून घे,
तोंडाशी चीर गेलेली दिसली की फेक, हळहळू नकोस.
मी म्हटलं, पितळेला आमच्याकडे चिंच लावतात.
त्यानं ते वहीत टिपून घेतलं,
पुढे प्रश्नचिन्ह.

मग एकदाचा तराजू निघाला.
ग्रेन म्हणजे जवाचा दाणा, म्हणाला, फार जुनं वजन.
मला हसू आलं.
आमचा दाणा लाल, डोक्यावर काळा ठिपका.
रहिमतपूरच्या पेठेत बाबा गुंजांनी सोनं तोलायचे,
तेव्हा पंखा बंद,
आणि आम्ही पोरं श्वास धरून उभी,
सोनं उडून जाईल म्हणून.

ऑर्व्हिल काही बोलला नाही.
उठला, हीटरचा पंखा बंद केला.

टेबलावर एकच डबा, दुसरा कपाटात.
डोळ्यांवर चष्मा. रेडिओ नाही, गप्पा नाहीत.
त्याचा हात कापतो, म्हणून काटा मी वाचायचा.
लाकडी ठोकळ्यात वीस पुंगळ्या उभ्या,
त्यांवर विजेरी धरून एकेकीत डोकवायचं,
वीस विहिरी,
सगळ्यांना पाणी सारखं लागलंय ना.
मग वर शिसं, मग दांडा खाली,
आणि तळहातात एक वस्तू, जी मघाशी नव्हती.
इतकी नीटस, की क्षणभर विसरले ती कशासाठी असते.

डब्यावर चिठ्ठी लाव, म्हणाला. तारीख, दारू, वजन.
उद्याची तू आजच्या तुला ओळखणार नाहीस.

दुधाचा हिशेब मी अजून मराठीत लिहिते.
हात त्याच वळणावर गेला.

शनिवारी त्यानं चिठ्ठी वाचली आणि खाली बसला.
माझा ४ त्याला आठ दिसला होता.
दुप्पट.
म्हणजे नळी फुटते, बोटं जातात,
कधी डोळा, बाजूला उभ्या असलेल्याचा सुद्धा.

मी सांगितलं, अरे, हा आमचा चार.
कागदावर एक ते नऊ काढून दाखवले.
आमचा एक बघून तो म्हणाला, हा तर नऊ.
आमच्या सातात त्याला सहा दिसला.
त्यानं कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.
तुझ्यावर विश्वास आहे, म्हणाला. पण मला प्रश्न पडला ना?

आणि भिंतीवरची हातोडी काढून दिली,
ती, जी ठोकली की काडतूस उकलतं.

बाबांचं मला तेव्हाच आठवलं:
कुणा गिऱ्हाइकानं पाटलीच्या वजनाबद्दल
नुसती भुवई उचलली होती.
आई म्हणत होती, पुन्हा तोलून दाखवा.
त्यांनी ती त्याच्यासमोर मुशीत टाकली.
मला ते खूप वर्षं अपमान वाटत आलं.

वीस वेळा ठोकलं. खांदा भरून आला.
दारू बशीत, शिसं डब्यात.
निघालेली दारू मी तोलून पाहिली, दर वेळी चारच होते,
पण ते मी बोलले नाही, आणि त्यानं विचारलं नाही.

दुपारी त्यानं सूप गरम केलं. बाहेर उणे अठरा.
नवी चिठ्ठी त्यानंच पुढे सरकवली.
आता अक्षरांत लिही, म्हणाला,
तुझ्या लिपीत, खाली माझ्या.

पुंगळ्या परत ठोकळ्यात, रिकाम्या, तोंड वर करून.
मी खुर्ची पुढे ओढली.
त्याआधीच तो पंख्याकडे निघाला होता.